बारा जणांचा एकच गट का जमत नाही: डिमेन्शिया असलेल्या वृद्धांसाठी गटातली ऑक्युपेशनल थेरपी

प्रश्न थोडक्यात असा: वृद्धनिवासात डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेले १२ आजी-आजोबा आहेत. आठवड्यातून दोनदा सगळ्यांना एका खोलीत गोल बसवून चित्रं रंगवणं, कोडी, चेंडू असं काहीतरी ४० मिनिटं घेतलं जातं. निम्मे पेंगतात, दोघं-तिघं उठून जातात, एक आजी दर वेळी चिडून समोरचं सामान ढकलतात. गटात ऑक्युपेशनल थेरपी (रोजच्या कामांतून दिला जाणारा उपचार) नेमकी कशी घ्यावी आणि कोणते खेळ घ्यावेत?

खेळांकडे वळण्याआधी एक हिशेब मांडू या. ४० मिनिटांतली ४ मिनिटं नमस्कार आणि सामानाच्या मांडामांडीत गेली, तर उरली ३६. चेंडू एक, माणसं १२. प्रत्येकाच्या वाट्याला ३ मिनिटं हाताला काम आणि ३३ मिनिटं नुसतं बसणं. डिमेन्शियात ‘आता माझी पाळी येणार आहे’ ही गोष्ट मनात धरून ठेवणंच अवघड होतं. मग त्या माणसाच्या दृष्टीने ती ३३ मिनिटं म्हणजे कारण न कळता गोंगाटात बसून राहणं. त्यात कोणी पेंगतं, कोणी उठून जातं, कोणी चिडतं. म्हणून खेळ बदलून फारसा फरक पडणार नाही. आधी माणसांची विभागणी, मग जागा आणि वेळ, मग कामाची फोड, आणि सगळ्यात शेवटी काम कोणतं ते, असा क्रम ठेवा. बहुतेक ठिकाणी हा क्रम बरोबर उलटा असतो.

अपेक्षा काय ठेवावी तेही आधीच स्पष्ट असलेलं बरं. गटातल्या कामाने आजार थांबत नाही आणि गेलेली स्मरणशक्ती परत येत नाही. जे करता येतं ते अधिक काळ करता यावं, दिवसातला काही वेळ माणूस गुंतलेला असावा, चारचौघांत त्याचं स्थान टिकावं आणि अस्वस्थता कमी व्हावी, यासाठी हे करायचं असतं. ब्रिटनमध्ये एमी स्पेक्टर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ‘कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी’चा, म्हणजे गटात गप्पा-खेळ घेऊन विचारशक्तीला चालना देण्याच्या उपचाराचा, अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २०१ जण होते. उपचारगटाला आठवड्यातून दोनदा ४५ मिनिटं, ७ आठवड्यांत एकूण १४ सत्रं दिली होती, आणि त्यांच्यात विचारशक्तीच्या चाचण्या व जीवनमान या दोन्हींत तुलनेच्या गटापेक्षा सुधारणा दिसली. ब्रिटनच्याच ‘नाइस’ या आरोग्यविषयक मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सौम्य ते मध्यम डिमेन्शियासाठी अशा गटांची शिफारस केली. त्याच सूचनांत सौम्य ते मध्यम अल्झायमरमध्ये आकडे-शब्द घोकून घेण्यासारखं स्मरणशक्तीचं प्रशिक्षण देऊ नये असंही म्हटलं आहे. हा फरक फार महत्त्वाचा आहे. ‘आज वार कोणता? काल काय जेवलात? माझं नाव काय?’ अशी विचारणा म्हणजे उत्तेजन नव्हे, ती परीक्षा झाली, आणि त्या परीक्षेत समोरचा माणूस सगळ्यांदेखत नापास होतो.

गट हा वैयक्तिक उपचाराला पर्याय नाही, हेही लक्षात असू द्या. नेदरलँड्समध्ये मॉड ग्राफ यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरी जाऊन ५ आठवड्यांत १० सत्रं दिली होती, रुग्ण आणि घरच्या काळजी घेणाऱ्या व्यक्तीला एकत्र बसवून. त्यातून रोजची कामं करण्याची क्षमता वाढली आणि काळजी घेणाऱ्याचा भारही हलका झाला. गटात मिळतं ते वेगळं: सोबत, दुसऱ्याचं बघून हात चालू होणं, आणि एकत्र काही पूर्ण केल्याचं समाधान.

आता विभागणी. १२ जणांचे निदानावरून किंवा वयावरून गट पाडू नका. एखादं काम माणूस कसं करतो यावरून पाडा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट जॅकी पूल यांची ‘पूल ॲक्टिव्हिटी लेव्हल’ ही पद्धत यासाठी सोयीची आहे. अंघोळ, कपडे घालणं, जेवण, वस्तू हाताळणं अशा नऊ बाबतींत मागच्या दोन आठवड्यांत माणूस कसा वागला, हे त्याला रोज पाहणाऱ्याने नोंदवायचं. त्यावरून चार पातळ्या ठरतात. पहिल्या पातळीचा माणूस शेवट डोळ्यांसमोर ठेवून काम करू शकतो, फक्त अडचण आली की अडतो. दुसऱ्या पातळीवर ओळखीचं काम जमतं, पण त्यातून काय तयार होणार याचं भान राहत नाही. करणं हाच आनंद असतो. तिसऱ्या पातळीवर एका वेळी एक हालचाल, स्पर्श, वास, आवाज एवढंच पोचतं. चौथ्या पातळीवर माणूस थेट स्पर्शाला, सुराला, चेहऱ्याला प्रतिसाद देतो, स्वतःहून सुरुवात करत नाही.

विचारशक्तीच्या चाचणीच्या गुणांवर विसंबू नका. ३० पैकी १४ गुण असलेली दोन माणसं पूर्णपणे वेगळी असू शकतात. एकाची भाषा गेलेली असते पण हात तरबेज असतात. दुसरा छान बोलतो, पण टॉवेल समोर ठेवला तर सुरुवातच करत नाही. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्रपणे अर्धा तास एखाद्या खऱ्या कामात बघा: हात धुऊन पुसणं, गुंड्यांचा सदरा घालणं, चार टॉवेलांच्या घड्या. कुठे अडतात, अडल्यावर काय केलं की पुढे सरकतात, किती वेळ टिकतात, हे लिहा.

निदानाचा उपयोग विभागणीपेक्षा सावधगिरीसाठी जास्त होतो. अल्झायमरमध्ये नवीन आठवण टिकत नाही, पण हाताच्या जुन्या सवयी बऱ्याच काळ शाबूत राहतात, तेव्हा ओळखीचं काम द्या. लेवी बॉडी प्रकारात एकाच दिवसात सतर्कता खालीवर होते, नसलेल्या गोष्टी दिसतात आणि पडण्याचा धोका मोठा असतो. काल छान काम केलेल्या आजोबांना आज जमलं नाही तर तो हट्ट किंवा आळस नाही. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात आठवण बरी असते, पण संयम सुटतो किंवा पुढाकार संपतो. अशा व्यक्तीला टेबलाच्या टोकाला, सहायकाच्या शेजारी बसवा आणि तिचं सामान वेगळं ठेवा. रक्तवाहिन्यांशी संबंधित प्रकारात एका बाजूची कमजोरी किंवा दृष्टीच्या एका बाजूकडे दुर्लक्ष असू शकतं. सामान त्या बाजूला ठेवलं तर ते त्या माणसापुरतं नसल्यातच जमा.

गटाचा आकार पातळीनुसार ठरवा. पहिली पातळी असेल तर ६ ते ८ जण चालतात, दुसरी असेल तर ५ किंवा ६, तिसरीला ३ किंवा ४. चौथ्या पातळीसाठी गट असा नसतोच. दिवसातून दोनदा १०-१५ मिनिटं एकाने एकाजवळ बसायचं. दोन लगतच्या पातळ्या एकत्र चालतात, तीन चालत नाहीत. पहिल्या पातळीचा बोलका माणूस तिसऱ्या पातळीच्या गटात टाकला की एक तर तो सगळं बळकावतो, नाही तर ‘मलाही असंच होणार’ या धास्तीने खचतो. मनुष्यबळ म्हणाल तर ५-६ जणांमागे एक चालवणारा आणि एक सहायक, तिसऱ्या पातळीला दोघांमागे एक. सहायक नसेल तर गट लहान करा.

काही जणांना त्या दिवशी गटात आणूच नये. ताप, वेदना, पोट साफ नसणं, रात्रीची झोप न होणं ही साधी कारणं. पण तास-दोन तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणूस अचानक बदलला, फार गुंगीत किंवा फार बेचैन झाला, तर तो डिमेन्शियाचा पुढचा टप्पा समजून सोडून देऊ नका. तो डिलिरियम, म्हणजे शारीरिक कारणाने अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ, असू शकतो. संसर्ग, पाण्याची कमतरता, नवीन औषध, लघवी तुंबणं यातलं काहीही मागे असतं. त्याला थेरपी नको, त्याच दिवशी डॉक्टर हवा.

वेळ सकाळची, नाश्ता झाल्यानंतर तासाभराने आणि जेवणाच्या बरीच आधी. जेवणानंतर पेंग येते आणि संध्याकाळी अनेकांची घालमेल वाढते. झोपेच्या, ॲलर्जीच्या किंवा मनोविकाराच्या गोळ्या कधी दिल्या जातात हे परिचारिकेला विचारा. सतत पेंगणाऱ्यांपैकी काही जण औषधाच्या वेळेमुळे पेंगत असतात आणि वेळ बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोलता येतं. सत्राआधी १५ मिनिटं राखून ठेवा: सगळ्यांचं शौचालय, दोन घोट पाणी, चष्मा पुसून त्यांच्याच नाकावर, श्रवणयंत्र चालू आहे आणि त्यात बॅटरी आहे याची खात्री, दातांची कवळी जागेवर. सत्राच्या मध्यावर उठून जाणाऱ्यांपैकी पुष्कळांना फक्त लघवीला जायचं असतं आणि ते सांगता येत नसतं.

वार, वेळ, खोली, चालवणारी व्यक्ती, बसायची जागा, सुरुवातीचं गाणं हे काहीही बदलू नका. आठवणीत राहत नसलं तरी सवयीने ओळखीचं वाटतं आणि ते माणसाला शांत करतं.

खोलीत टीव्ही-रेडिओ बंद, दार गट चालवणाऱ्याच्या पाठीमागे नको. समोर उघडं दार दिसलं की उठून जावंसं वाटणं स्वाभाविक आहे. प्रकाश वरून आणि एकसारखा हवा. खिडकीकडे पाठ करून तुम्ही उभे राहिलात तर तुमचा चेहरा त्यांना काळोखा दिसतो, ओठ दिसत नाहीत, आणि कमी ऐकणाऱ्यांचा निम्मा आधार जातो. जमिनीवरचं गडद पायपुसणं काहींना खड्ड्यासारखं दिसतं, ते काढा. सहा जणांना साधारण १२० सेंटिमीटर व्यासाचं गोल टेबल पुरतं. त्याहून मोठं झालं की मध्ये ठेवलेल्या वस्तूपर्यंत हात पोचत नाही आणि बोलणंही पोचत नाही. टेबलाची उंची ७० ते ७५ सेंटिमीटर, खुर्चीला हात हवेत, पाय जमिनीला पूर्ण टेकायला हवेत. टेकत नसतील तर पाट किंवा पायठेवणी द्या. पाय लोंबकळत असले की धड स्थिर राहत नाही आणि मग हातही चालत नाहीत. इतक्या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष होतं याचं वाईट वाटतं, कारण ‘सहकार्य करत नाहीत’ असा शेरा मिळालेली कितीतरी माणसं फक्त चुकीच्या खुर्चीत बसलेली असतात.

टेबलावर एकरंगी, निस्तेज आवरण घाला. फुलाफुलांचं असेल तर काही जण ती फुलंच उचलायला लागतात. पांढरी वस्तू गडद कापडावर, गडद वस्तू फिक्या कापडावर. आणि ज्या पायरीचं सामान लागणार आहे तेवढंच समोर. पुढचं सगळं झाकून मागे ठेवा.

आता या सगळ्याचा गाभा, म्हणजे कामाची फोड. उदाहरणादाखल कुंडीत रोप लावणं घेऊ. आपल्याला ते एक काम वाटतं, पण त्यात निदान आठ कामं आहेत: कुंडी समोर ओढणं, तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवणं, अर्धी कुंडी मातीने भरणं, मधोमध खळगा करणं, पिशवीतून रोप सोडवणं, ते उभं धरणं, भोवती माती घालून दाबणं, पाणी घालणं. यातली कुंडी-पिशवीची जुळवाजुळव दोन हातांची आणि अंदाजाची आहे, माती घालणं एकाच हालचालीचं आणि पुन्हापुन्हा करण्यासारखं आहे, आणि खापरी ठेवणं हे ‘का’ समजल्याशिवाय निरर्थक वाटणारं आहे. पहिल्या पातळीच्या आजींना चार चित्रांचं मोठ्या अक्षरांतलं कार्ड आणि सगळं सामान द्या. दुसऱ्या पातळीला तुमची तयार कुंडी नमुना म्हणून समोर ठेवा आणि एका वेळी एकच पायरी द्या. खापरी आधीच ठेवलेली असू द्या. तिसऱ्या पातळीच्या आजोबांसमोर परातीत ओलसर माती ठेवा, ढेकळं फोडणं हेच त्यांचं काम. सुवासिक पान चुरगळून नाकाजवळ नेलं की चेहरा बदलतो. प्रत्येकासमोर स्वतःची कुंडी किंवा स्वतःची परात हवी. सामान प्रत्येकी वेगळं दिलं की वाट पाहणंही संपतं आणि ओढाताणही.

मदत किती आणि कोणत्या क्रमाने द्यायची हे सहायकाला पाठ हवं. वस्तू समोर ठेवा आणि १० सेकंद गप्प राहा. हे १० सेकंद सगळ्यात कठीण जातात, पण सूचना पोचून हात हलायला तेवढा वेळ लागतो, आणि मध्येच दुसरी सूचना दिली की पहिली पुसली जाते. काहीच झालं नाही तर बोटाने वस्तूकडे खूण करा. मग एकच छोटं वाक्य: “आजी, माती घाला.” मग तुमच्या कुंडीत तुम्ही घालून दाखवा. मग त्यांच्या हाताखाली तुमचा हात घेऊन हालचाल सुरू करून द्या आणि सुरू झाली की हात काढून घ्या. वरून हात पकडून ओढू नका. त्याने माणूस बिथरतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

एक अपवाद आहे. एखादी गोष्ट नव्याने रुजवायची असेल, समजा जेवणाआधी ठरावीक खुंटीवरचा आपला नॅपकिन घेणं, तर हा क्रम उलटा करा. सुरुवातीलाच पुरेशी मदत देऊन चूक होऊच देऊ नका आणि हळूहळू मदत काढा. डिमेन्शियात झालेली चूक ‘चूक’ म्हणून लक्षात राहत नाही, पण हाताला मात्र तीच सवय लागते.

बोलण्याबाबत थोडं. ‘तुम्हाला रोप लावायला आवडेल का?’ या प्रश्नाचं उत्तर अनेकदा ‘नाही’ येतं, कारण नाही म्हणणं सुरक्षित असतं. दोन वस्तू हातात धरून ‘हे की हे?’ विचारा. ‘सांडू नका’ ऐवजी ‘हळू ओता’. ‘ते तिकडचं द्या’ ऐवजी वस्तूचं नाव घ्या. आवाज चढवू नका, जाड ठेवा. म्हातारपणी आधी जातात ते तीव्र सूर.

४५ मिनिटांची रचना करताना मिल्ड्रेड रॉस या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनी मांडलेला पाच टप्प्यांचा क्रम फार उपयोगी पडतो: स्वागत, हालचाल, डोळा आणि हात यांचा मेळ, डोक्याला चालना, निरोप. त्यातलं तर्कशास्त्र असं की आधी शरीर जागं झालं की मग लक्ष लागतं. पहिली ५ मिनिटं प्रत्येकाजवळ जाऊन, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर वाकून, नावाने नमस्कार, तुमचं नाव तुम्हीच सांगा. पुढची १० मिनिटं खुर्चीत बसून हालचाल: खांदे फिरवणं, टाच-चवडा, हात पुढे-मागे, आणि ओळखीच्या ठेक्यावर टाळी. माणसाला १० ते ३० वयाच्या काळातलं बरंच जास्त आठवतं, म्हणून गाणी त्यांच्या त्या वयातली निवडा. तुमच्या आवडीची नकोत. चेंडू घ्यायचा तर साधारण ४० सेंटिमीटरचा, मऊ, एकरंगी, आणि टाकण्याआधी नाव घेऊनच टाका. ज्यांचे हात सावकाश हलतात त्यांच्यासाठी फुगा, तो सावकाश येतो. पण फुगा फुटला तर घाबरतात, म्हणून कमी हवा भरा. मान मागे टाकणं, झटक्याने उठवणं टाळा. उठताच रक्तदाब उतरून पडण्याचा धोका या वयात नेहमीचा आहे.

मग २५ मिनिटं मुख्य काम, त्यातच हात आणि डोकं दोन्ही येतं. शेवटची ५ मिनिटं झालेल्या गोष्टी टेबलाच्या मध्यभागी, ज्याने जे केलं ते नावाने सांगून. ‘आज काय काय केलं, आठवतंय?’ असं विचारू नका, तुम्हीच सांगा. मग पाणी, हातावर हात ठेवून नावाने निरोप. एकेकाला खोलीपर्यंत सोबत करा. सत्र संपल्या संपल्या सगळ्यांना एकदम उठवलं की दारात गर्दी आणि भांडण होतंच.

कामं कोणती? जी खऱ्या आयुष्यात उपयोगी पडतात ती. नॅपकिनच्या घड्या करून त्या खरोखर जेवणघरात वापरल्या गेल्या पाहिजेत. टेबल मांडणं, पितळेच्या वस्तू घासणं, लोकरीचा गुंडा करणं, लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर मारणं, पाकिटांवर लेबलं चिकटवणं, झाडांना पाणी, जाडजूड नट-बोल्ट जुळवणं. प्रत्येकाच्या आयुष्याची एक पानाची माहिती घरच्यांकडून लिहून घ्या: पोटासाठी काय केलं, हाताने काय केलं, काय आवडायचं नाही. शेवटचा मुद्दा हमखास राहून जातो. आयुष्यभर कंटाळून केलेलं काम म्हातारपणी हातात दिलं तर माणूस का बसेल? आणि वर्गीकरणासाठी दिलेल्या गुंड्या त्यांच्यादेखत पुन्हा एका डब्यात ओतू नका. इतकी मेहनत समोर मोडली गेली हे कळण्याइतकं भान पुष्कळांना असतं.

लहान मुलांची रंगवायची पुस्तकं, ‘शाब्बास’ म्हणून टाळ्या, लाडिक आवाज, हे माझ्या मते सरसकट बंद व्हायला हवं. सामान ढकलणाऱ्या आजींच्या बाबतीत सगळ्यात आधी हेच तपासा. त्यांच्यासमोर काय ठेवलं होतं? ते पोरकट होतं की आवाक्याबाहेरचं? त्याच्या आधीच्या मिनिटात कोणी सर्वांसमोर दुरुस्त केलं होतं का? एकाच वेळी दोघं बोलत होते का? अपयश लपवायला दुसरा मार्ग उरत नाही तेव्हा माणूस वस्तू ढकलतो. सलग तीन सत्रं ढकलण्याच्या आधीची दोन मिनिटं लिहून काढा, कारण बहुधा तिथेच सापडतं. चिडल्यावर समजावू नका, प्रश्न विचारू नका. सामान शांतपणे उचला, हातभर अंतर ठेवून बाजूला बसा, समोरून अंगावर जाऊ नका, आवाज उतरवा. दोन-तीन मिनिटांनी त्यांना नक्की येणारं एखादं काम पुढे करा. मारण्यापर्यंत गेलं तर त्या दिवशी गट तिथेच थांबवून त्यांना शांत जागी न्या आणि दुखतंय का ते आधी पाहा.

उठून जाणाऱ्यांना अडवू नका, चालण्याचंच काम द्या: नॅपकिन वाटणं, पेले गोळा करणं, झारी भरून आणणं. तेच तेच विचारणाऱ्याला उत्तराबरोबर हातात काहीतरी द्या, कारण पुष्कळदा प्रश्नामागे माहितीची नव्हे, धीराची गरज असते. ‘आई कुठे आहे?’ असं ८५ वर्षांच्या आजींनी विचारलं तर ‘त्या केव्हाच गेल्या’ असं सांगणं म्हणजे त्यांना दर वेळी नव्याने शोकात ढकलणं. ‘आईची आठवण येतेय का? काय करायच्या आई?’ असं विचारा आणि ऐका. गाण्याने कोणाला रडू आलं तर घाईने हसवायला जाऊ नका. शेजारी बसा, रडू द्या. जुन्या आठवणींत दुःखाच्या गोष्टीही असतात. कुणाच्या आयुष्यात अपत्यवियोग किंवा हिंसा आहे हे आधी माहीत असेल तर तो विषय गटात आणू नका.

सुरक्षिततेबद्दल दोन गोष्टी कडकपणे पाळा. दुसऱ्या पातळीपासून पुढे वस्तू तोंडात जाऊ शकते, म्हणून मणी, लहान गुंड्या, बटणासारख्या बॅटऱ्या, विषारी रंग आणि विषारी पानांची रोपं गटात नकोत. तिथे वस्तू ५ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या ठेवा. आणि गिळण्याचा त्रास असलेल्यांची यादी चालवणाऱ्याच्या खिशात असू द्या, कारण शेवटचं साधं पाणीही त्यांना ठसका लावू शकतं.

नोंदी सत्रानंतर ५ मिनिटांत, विसरण्याआधी. सत्र चालू असताना दर ५ मिनिटांनी सहायकाने एक नजर फिरवून प्रत्येकाला आकडा द्यायचा: ० म्हणजे अलिप्त किंवा झोपलेला, १ म्हणजे बघतोय, २ म्हणजे हात चालू आहेत. सोबत मदतीची कोणती पायरी लागली, येताना आणि जाताना चेहरा कसा होता, कशाने बिनसलं. उद्दिष्ट मोजता येईल असं लिहा. ‘सहभाग वाढवणं’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘आठ आठवड्यांनी आजोबा फक्त खुणेच्या मदतीने चार टॉवेल घडी करतील’ हे उद्दिष्ट. टिकून राहणं हेही यशच आहे. एखाद्याला सलग तीन-चार सत्रं प्रत्येक पायरीला हाताखाली हात लागत असेल आणि शारीरिक कारण सापडत नसेल, तर त्यांना पुढच्या पातळीच्या गटात हलवा, अपयश वाट्याला यायच्या आत.

गटात जे सापडतं ते गटाबाहेर पोचलं नाही तर निम्मी मेहनत वाया गेली. एखाद्या आजींना बोलून कळत नाही पण करून दाखवलं की लगेच जमतं, हे सहायकाला माहीत असतं आणि अंघोळ घालणाऱ्या बाईंना माहीत नसतं. मग अंघोळीच्या वेळी रोज आरडाओरडा होतो. म्हणून प्रत्येकासाठी एक ओळ लिहून ती त्यांच्या खोलीत कपाटाच्या आतल्या बाजूला लावा: ‘उजव्या बाजूने बोला. एका वेळी एकच गोष्ट. आधी करून दाखवा.’ सहायकांना शिकवायची मुख्य गोष्टही यातच आहे. प्रेमापोटी किंवा घाईपोटी ते स्वतःच कुंडी भरून टाकतात. त्यांना सांगा, पहिल्या दोन सत्रांत कोणी अडेपर्यंत आपले हात मांडीवर ठेवायचे.

तुमच्या १२ जणांसाठी सुरुवात अशी करता येईल. पहिले दोन आठवडे गट पूर्ण बंद, फक्त निरीक्षण आणि घरच्यांकडून माहिती. तिसऱ्या आठवड्यात पहिल्या-दुसऱ्या पातळीच्या ५-६ जणांचा एक गट, आठवड्यातून दोनदा, आणि सुरुवातीला ४५ ऐवजी ३० मिनिटं. मुख्य कामातलीच १५ मिनिटं कमी करा, स्वागत आणि निरोप तेवढेच ठेवा. चौथ्या आठवड्यापासून तिसऱ्या पातळीच्या ३-४ जणांचा दुसरा गट, २० मिनिटांचा. उरलेल्या दोघा-तिघांना दिवसातून दोनदा १०-१५ मिनिटं, एकाने एकाजवळ बसून: हाताला तेल चोळणं, ओळखीचा सूर, आवडीचा वास. पहिल्या चार सत्रांत काम एकच ठेवा, टॉवेलच्या घड्या चालतील. रोज नवं काहीतरी हवं ही गरज चालवणाऱ्यांची असते. पाचव्या सत्रात आधीपेक्षा जास्त वेळ हात चालू राहिलेले दिसले की दुसरं काम आणा, आणि त्याच दिवशी त्याची पायऱ्यांची फोड कागदावर तयार ठेवा.